पेठ सोडायची नाही, पण वाड्याचे काय करायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, मंडईपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्यात भाड्याने राहणाऱ्या ५८ वर्षांच्या गृहिणीने हे पत्र पाठवले आहे. लग्न होऊन त्या या वाड्यात आल्या तेव्हा तिथे ११ बिऱ्हाडे होती. आज ४ उरली आहेत. रिकाम्या झालेल्या खोल्यांत तुळशीबागेतल्या दुकानांचा माल भरलेला असतो. महिन्याचे भाडे ७२ रुपये आहे. मागच्या भिंतीला फुगवटा आला आहे, धोकादायक बांधकामाची महापालिकेची नोटीस दोनदा येऊन गेली आहे, आणि ८४ वर्षांच्या सासूबाईंना रात्री हात धरून जिना उतरवून चौकामागच्या सामाईक संडासात न्यावे लागते. मंडईला मेट्रोचे स्थानक झाल्यापासून मालकांकडे बिल्डरांची ये-जा वाढली आहे. भाडेकरूंनी नव्या इमारतीत सदनिका घ्यावी किंवा रोख रक्कम घेऊन जागा सोडावी, असा प्रस्ताव समोर आहे. वाकडला राहणारा मुलगा म्हणतो, पैसे घ्या आणि इकडे या. गणपतीत येणारे नातेवाईक म्हणतात, काही झाले तरी वाडा पाडू देऊ नका.

“मला स्वतःला लिफ्ट हवी आहे, घरात संडास हवा आहे, आणि वाडा पडणार या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. पेठ आता मरणाला टेकली आहे, सगळे बाहेरचे लोक भरले आहेत, हेही डोळ्यांसमोर दिसते. मेट्रो आली याचे बरे मानू की वाईट, तेच कळत नाही. मी सही करावी का? आणि केली, तर ज्या पेठेने आम्हाला सांभाळले तिच्याशी मी बेइमान ठरेन का?”

उत्तर:

ताई, तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा, म्हणजे बेइमानीचा, तुम्हाला अधिक छळतो आहे हे पत्राच्या ओळीओळीतून जाणवते. म्हणून सहीचा विचार थोडा मागे ठेवून आधी त्याच्याकडेच वळू या.

तुम्ही असे धरून चालला आहात की, ज्याचा पेठेवर जीव आहे त्याला वाडा टिकावा असेच वाटले पाहिजे, आणि लिफ्ट हवीशी वाटली की त्या मायेत कुठेतरी खोट आली. ही समजूत तुम्ही स्वतःहून करून घेतलेली नाही. वाड्याच्या आठवणी सांगणारी आपली बहुतेक माणसे आता कोथरूड, सहकारनगर, सिंहगड रस्ता अशा ठिकाणी राहतात. त्यांच्या आठवणी खोट्या नाहीत. चौकातला हौद, माजघरातून माजघरात जाणाऱ्या वाट्या, एका घरचे आजारपण साऱ्या वाड्याने काढणे, हे त्यांनी खरोखर अनुभवले आहे. पण त्या आठवणींत पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या बायका क्वचितच असतात, आणि सामाईक संडासासाठी अंधार पडण्याची वाट पाहणाऱ्या मुली तर जवळजवळ नसतातच. नातेवाइकांचे प्रेम खरे आहे. मात्र त्या प्रेमापायी त्यांना रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडाइतक्या दिव्यात, झिजलेल्या लाकडी पायऱ्यांवरून कोणाला खाली न्यावे लागत नाही. ते तुम्हाला लागते. ज्या घरात म्हातारे माणूस सुरक्षितपणे शौचाला जाऊ शकत नाही, ते घर बदलावे असे वाटणे हा सासूबाईंविषयीच्या काळजीचा भाग आहे, आणि पेठेने तुम्हाला जी माणसे सांभाळायला शिकवले त्यांतच त्या येतात.

मग वाड्यासाठी जीव तुटतो तो का? कारण तोही तितकाच खरा आहे. दोन्ही भावना एकाच वेळी मनात असणे हे गोंधळाचे लक्षण मानू नका, आणि एक भावना संपेपर्यंत निर्णय थांबवूही नका. ती संपणार नाही. नव्या घरात राहायला गेल्यावरही वाड्याची आठवण येईल, आणि वाड्यात राहिलात तरी लिफ्टची इच्छा जाणार नाही.

आता ‘पेठ मरणाला टेकली आहे’ या तुमच्या वाक्याकडे येऊ. संध्याकाळी सात वाजता लक्ष्मी रस्त्यावर किंवा तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते, बोहरी आळीत टेम्पो मागे घ्यायला अर्धा तास लागतो, तापकीर गल्लीत हमालाच्या डोक्यावरचे खोके चुकवत चालावे लागते. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर पेठ मरत नाही, उलट तिला श्वास घ्यायला उसंत नाही. कमी झाली आहेत ती राहणारी माणसे. रात्री साडेनऊनंतर दुकानांची शटरे खाली आली की तुमच्या गल्लीत वरच्या मजल्यांवर किती खिडक्यांत दिवा असतो, हे एकदा मोजून पाहा. पेठेचे दुखणे नेमके तिथे आहे, आणि ते नीट ओळखले तर उपायही नीट सुचतील.

ही माणसे का गेली, याचा दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे कोसळले आणि हजारो कुटुंबे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. भाजीचा घाऊक बाजार गुलटेकडीला हलला. आधी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी आणि पुढे हिंजवडीने तरुणांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नेले. या साऱ्यात भाडेनियंत्रणाचा वाटा मोठा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी पाहिला पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या संरक्षणामुळेच तुमच्यासारखी बेताच्या उत्पन्नाची कुटुंबे शहराच्या मध्यभागी तीन-तीन पिढ्या राहू शकली. पण त्याच गोठलेल्या भाड्यात कोणत्याही मालकाला कौले शाकारणे परवडेना. अशा गोठवलेल्या भाड्यांच्या तरतुदी आता न्याय्य राहिलेल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ च्या अखेरीस सांगितले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. तुमच्या ७२ रुपयांवर ही वाढ वर्षाला तीन रुपयेसुद्धा होत नाही. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ तरी आहे. पुण्याच्या वाड्यांना तसे कोणी वाली नाही. म्हणून वाडा मोडकळीला आला त्यात मालकाची नियत खोटी होती असे मनात धरून वाटाघाटीला बसू नका. काही मालकांची असतेही, पण सगळ्यांची नसते.

‘बाहेरचे लोक भरले आहेत’ हे वाक्य मला खटकले, आणि तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे म्हणून मीही मोकळेपणाने सांगतो. सदाशिव, नारायण, नवी पेठ या भागांत कॉट भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी बीड-परभणीची मुले आहेत, तुमच्याच वाड्यातल्या गोदामापाशी रात्री पथारी टाकणारे कामगार आहेत. आज पेठेत रात्री मुक्कामाला असणाऱ्यांत ही माणसे मोठ्या संख्येने आहेत. खानावळी, इस्त्रीवाले, अभ्यासिका त्यांच्यावरच चालतात. शिवाय ‘पूर्वीची पेठ’ सर्वांची होती असेही नाही. कोणी कोणत्या पेठेत राहायचे आणि कोणत्या हौदावर पाणी भरायचे, हे जातीवर ठरत असे. म्हणूनच १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडणे, किंवा १८६८ साली जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करणे, हे एवढे मोठे धाडस ठरले. तुम्हाला गर्दीचा, टेम्पोंचा, बेकायदा गोदामांचा त्रास होतो ती तक्रार रास्त आहे आणि ती लावून धरा. माणसांविषयीची तक्रार मात्र तिच्यातून वेगळी काढा, कारण पेठ राहती ठेवायची असेल तर ती राहायला येणाऱ्यांच्याच बळावर राहील.

भिडे वाड्याचे पुढे काय झाले, हेही या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. स्मारक व्हावे यावर जवळपास सर्वांचे एकमत होते, तरी भूसंपादनाचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळला, आणि २०२३ च्या अखेरीस वाडा महापालिकेच्या ताब्यात आला तेव्हा तो इतका जर्जर झालेला होता की जागा मोकळी करून नवे स्मारक बांधण्याचा मार्ग घेतला गेला. इतक्या महत्त्वाच्या वास्तूची ही गत झाली. ‘पाडू नका’ म्हणत थांबून राहिल्याने वाडा वाचतो असे नाही. पावसाळ्यागणिक तो थोडा थोडा पडतच असतो, आणि शेवटी पडतो तेव्हा कोणाच्याही अटींवर पडत नाही.

मेट्रोविषयीही असेच. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानके पेठांच्या ऐन मध्यावर आली. तुम्हाला मेट्रोची ओढ आणि धास्ती दोन्ही वाटतात, कारण तिने पेठेला दूरच्या उपनगरांशी जोडले आणि तुमच्या पायाखालच्या जमिनीचा भावही वाढवला. मंडईची जी दगडी इमारत आज आपण सगळे कौतुकाने दाखवतो, ती १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उभी राहिली तेव्हा तीही अशीच वादात होती. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणाला लावावा, असे फुल्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. त्यांची हरकत त्या काळी योग्यच होती, आणि मंडई आज पेठेला हवी आहे हेही खरे आहे. तेव्हा मेट्रोचे बरे मानायचे की वाईट, हे आजच ठरवण्याचे ओझे तुमच्यावर नाही. तिच्यामुळे आलेला बिल्डर तुम्हाला पेठेतच ठेवतो की बाहेर घालवतो, एवढे पाहणे तुमच्या हातात आहे.

आता सहीकडे. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. दुरुस्ती करून राहण्याची वाट कागदावर चांगली दिसते. कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे, आणि नोटीस देऊनही त्याने ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून घेऊन खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो. पण ७२ रुपयांच्या भाड्यातून फुगलेली भिंत कशी वळती होणार? चारही बिऱ्हाडांनी मिळून परवानाधारक संरचना अभियंत्याकडून वाड्याची तपासणी मात्र जरूर करून घ्यावी. भिंत केवळ टेकू देऊन पावसाळा काढू शकते की लगेच खोली रिकामी करायला हवी, हे त्यातून कळेल, आणि मालकाच्या किंवा बिल्डरच्या तोंडी माहितीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

रोख रक्कम घेऊन वाकडला जाण्याची वाट मला तुमच्यासाठी पटत नाही. मुलगा प्रेमाने बोलावतो आहे, यात शंका नाही. पण तुमचे किराणा दुकान, सासूबाईंचे डॉक्टर, जोगेश्वरीचे दर्शन, मंडईतली ठरलेली भाजीवाली, हे सारे पायी अंतरावर आहे. पायी फिरणारी ५८ वर्षांची बाई बाराव्या मजल्यावर गेली की प्रत्येक कामासाठी कोणाच्या तरी गाडीची वाट पाहू लागते. शिवाय ती रक्कम एकदा संपली की पेठेत परतण्याची वाट कायमची बंद होते. पण माझे मत हे तुमच्या पत्रावरून बनलेले आहे. ज्या वाचकांची मुले त्यांच्या रोजच्या औषधपाण्यासाठी जवळ असणे अपरिहार्य आहे, त्यांनी वेगळा विचार केला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

राहिली पुनर्विकासाची वाट. माझा कौल तिच्याकडे आहे, पण आज समोर ठेवलेल्या कागदावर आज सही करू नये, या अटीवर. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत धोकादायक झालेल्या भाडेकरूव्याप्त इमारतींसाठी वाढीव एफएसआयची, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम करू देण्याची, तरतूद आहे. म्हणजे बिल्डरला मिळणारा वाढीव एफएसआय हा तुमच्या पुनर्वसनाच्या आधारावर मिळतो. तुम्हाला जागा देणे हे त्याचे औदार्य नव्हे. प्रत्यक्षात किती बांधकाम बसते हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि भूखंडाच्या आकारावर ठरते. शेजारचा वाडा सोबत घेतला तर गणित सुधारते का, हे चौघांनी मिळून एखाद्या स्वतंत्र वास्तुविशारदाकडून समजून घ्या. (शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्या वाचकांसाठी: केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. तुमच्याकडे कोणी मोठमोठी आश्वासने घेऊन आला तर आधी हे अंतर मोजून घ्या.)

त्याआधी घरातले कागद पाहा. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? ती अजून सासऱ्यांच्या नावावर असेल, तर त्यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे भाडेहक्क येतो हे खरे. पण त्याचा पुरावा, म्हणजे रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादीतले नाव, आताच एका पिशवीत गोळा करून ठेवा आणि पावती सासूबाईंच्या किंवा तुमच्या नावावर करून मागा. पावसाळ्यापुरते मुलाकडे जाऊन पाहू, असा विचार मनात असेल तर सांभाळून: सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा बंद राहिली तर मालकाला ताबा मागण्यासाठी ते कारण पुरते. उद्या महापालिकेने धोकादायक म्हणून वाडा उतरवलाच, तरी तुमचा भाडेहक्क त्या भिंतींबरोबर नाहीसा होत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनसी खिमजी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. ‘वाडा पडला की तुमचा हक्क संपला’ असे कोणी सांगितले तर घाबरून सही करू नका.

करारात काय असावे, हे वकील सांगतीलच, पण काही गोष्टी तुम्ही स्वतः विचारायच्या आहेत. नवी सदनिका मालकी हक्काने मिळणार की पुन्हा भाड्यानेच? तिचे चटईक्षेत्र, म्हणजे आतली वापरायची जागा, चौरस फुटांत, मजल्यासह आणि नकाशासह लिहिलेले आहे का? बांधकामाची मंजुरी हातात येण्याआधी जागा खाली करू नये, हा आग्रह सोडू नका. पेठांत वाडा पाडून वर्षानुवर्षे पत्रे ठोकून ठेवलेल्या जागा तुम्ही रोज पाहताच. मधल्या काळाचे भाडे किमान वर्षभराचे आगाऊ आणि पुढचे बँक हमीसह मागा. करार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवल्याशिवाय चावी देऊ नका. महारेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, संरक्षण प्रामुख्याने विक्रीच्या सदनिका विकत घेणाऱ्यांसाठी आहे, पुनर्वसनातल्या भाडेकरूची मुख्य ढाल त्याचा करारच असतो. मात्र त्या बिल्डरचे आधीचे प्रकल्प वेळेत पुरे झाले का, हे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ते पाहाच, आणि शक्य असेल तर त्याने पुनर्वसन केलेल्या एखाद्या इमारतीतल्या जुन्या भाडेकरूंना घरी जाऊन भेटा.

आणखी एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि नंतर त्यानेच घर सोडावे लागते: नव्या इमारतीचा दरमहाचा देखभाल खर्च किती असेल? लिफ्ट, पाण्याचा पंप, यांत्रिक पार्किंग, सुरक्षारक्षक यांचा खर्च वाटून येतो, आणि आज ७२ रुपये देणाऱ्या घराला तो महिन्याला काही हजारांत जाऊ शकतो. पुनर्वसनात सदनिका मिळूनही दोन-तीन वर्षांत ती विकून उपनगरात गेलेली कुटुंबे असतात ती यामुळेच. म्हणून भाडेकरूंच्या वाट्याचा देखभाल निधी बिल्डरने एकरकमी जमा करावा आणि त्याच्या व्याजातून काही वर्षांचा खर्च भागावा, अशी अट घाला. ही अट मान्य होण्याजोगी आहे, पण ती चौघांनी मिळून मागितली तरच. वेगवेगळे गाठून वेगवेगळे आकडे सांगितले जात असतील, तर आजच एकमेकांना आकडे सांगून टाका.

वाड्यासाठीही काही करता येईल. पाडकामात निघणाऱ्या सागवानी तुळया, खांब, कोरीव गणेशपट्टीची चौकट यांचा सौदा सहसा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याशी परस्पर होतो. त्यावर मालकाचा हक्क आहे, पण नव्या इमारतीच्या प्रवेशाला तीच दाराची चौकट बसवावी, अशी विनंती करारात लिहून घेता येते, आणि मालकांनाही ती बहुधा आवडेल. वाडा महापालिकेच्या वारसायादीत आहे का, हेही एकदा तपासा. असेल तर पाडण्याचे नियमच वेगळे होतात. वास्तुकला महाविद्यालयांतले विद्यार्थी अशा वाड्यांची मोजमापे घेऊन नकाशे काढतात. त्यांना बोलावा, आणि सासूबाईंना चौकात खुर्चीवर बसवून कोणत्या खोलीत कोण राहत होते ते सांगू द्या. नातेवाइकांना वाड्यासाठी काही करावेसे वाटत असेल, तर हे काम त्यांच्याकडे सोपवा.

राहता राहिला मधला काळ. बांधकामाला तीन वर्षे म्हणाले तर चार धरून चाला, आणि ८४ वर्षांच्या माणसासाठी ती लहानसहान मुदत नाही. त्यामुळे तात्पुरते घर शुक्रवार किंवा सदाशिव पेठेतच, तळमजल्यावर आणि आत संडास असलेले शोधायला आतापासून लागा. बिल्डरने देऊ केलेले भाडे त्या भागात पुरेसे नसेल तर फरक किती आहे तो लिहून काढा आणि वाटाघाटीत पहिला मुद्दा तोच घ्या, चटईक्षेत्राच्याही आधी.